पाहून घेजो

काकाजी,

तेरवीला वाटायला एक छोटं पुस्तक काढायचं आहे म्हणून मंजूताईचा अकोल्याहून तीनदा फोन आला. तुमचीच लेक ती, मागे लागली की सोडत नाही. "संध्याताई, बाकीच्यांचं येऊन जाईल, तुम्ही फक्त ती गोष्ट लिहून द्या." ती म्हणजे कोणती, हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. 'पाहून घेजो'ची गोष्ट. अकोल्याच्या डीलरपासून आपल्या गेटवरच्या चहावाल्यापर्यंत सगळ्यांना पाठ आहे. मीच सांगून सांगून पाठ करून दिली आहे.

लिहायला बसले आणि दोन दिवस नुसती चिडचिड केली. घरात सगळ्यांवर खेकसले. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "काहून व, कोनाचा राग कोनावर काढून राहिली?" तेच तर सांगायचं आहे. राग माझा माझ्यावरच आहे. थोडा तुमच्यावरही आहे. तोही आज सांगून टाकणार, कारण आता तुम्हाला मधेच "चहा घे" म्हणून विषय बदलता येणार नाही.

हे पुस्तक ज्यांच्या हाती पडेल त्यातल्या काहींनी आपलं आवार पाहिलेलं नसेल. त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते, तुम्ही जरा दम धरा. अमरावतीच्या एमआयडीसीत, अगदी शेवटच्या गल्लीत, आपण पाठीवर अडकवायचे फवारणीचे पंप बनवतो. मोठी टाकी, दोन पट्टे, एका हातात दांडा, दुसऱ्या हातात नळी. कपाशीवर, सोयाबीनवर मारतात त्याला सगळे औषध म्हणतात, पण ते विष आहे. पंप जिथे जोडलेला असतो तिथे आत रबराचा वायसर असतो, रुपयाच्या नाण्याएवढा. तो नीट बसला नाही तर ते विष थेंब थेंब माणसाच्या पाठीवर गळत राहतं. अंग घामानं आधीच ओलं असतं, त्यामुळे त्याला कळतही नाही. कळतं तेव्हा गरगरायला लागलेलं असतं.

म्हणून तुमचा सदरा. तुमच्या केबिनच्या दाराशी खिळ्याला एक पांढरा सदरा कायम टांगलेला. माल तयार झाला की कुण्याही हमालाला सांगायचं, ढिगातला एक पंप उचल. त्यात पाणी भरायचं, पाण्यात कपड्यांची नीळ कालवायची. मग तुम्ही तो सदरा अंगात घालणार, पंप पाठीवर घेणार आणि नळी बंद ठेवून दांडा मारत गेटपासून कडुलिंबापर्यंत वीस चकरा मारणार. ऊन असो, झड असो. वीस म्हणजे वीस. चकरा झाल्या की पंप उतरवून जो समोर असेल त्याच्याकडे पाठ करायची आणि म्हणायचं, "पाठ पाय," म्हणजे बघ. पांढऱ्यावर निळा ठिपका दिसला की सगळा माल थांबला. एक ठिपका असला तरी.

मी पहिल्या दिवशी आले तेव्हा तुम्ही चकराच मारत होतात. साठीचा माणूस, डोक्याला गमछा, पाठीवर पंप. मला वाटलं माळी असेल. मी विचारलं, "ओ भाऊ, मालक कुठे बसतात?" तुम्ही दांडा मारतच म्हणालात, "बसत नाही तो. फिरते." अन् पुढे निघून गेलात. मी तिथेच उभी राहिले, हातात सर्टिफिकिटांची फाईल धरून. पुढच्या चकरेला आलात तेव्हा म्हणालात, "सोळावी हाय. चार थांबजो." चार चकरा झाल्यावर मुलाखत झाली. एकच प्रश्न होता. तुम्ही वळलात आणि विचारलं, "डाग हाय का?" मी नीट बघून सांगितलं, नाही. "नक्की?" नक्की. "मंग उद्यापासून ये."

घरी येऊन आईला सांगितलं, नोकरी लागली, मालक थोडे येडे आहेत.

दुसऱ्या कुठल्या कंपनीत कोणी कोणाला पाठ दाखवली म्हणजे तो पळाला असं समजतात. आपल्याकडे उलटं. पाठ दाखवायची म्हणजे उभं राहायचं आणि दुसऱ्यानं बघेपर्यंत हलायचं नाही. नवीन आलेल्या माणसाला हे समजावताना मजा यायची. वैशाली सुपरवायझर म्हणून आली तेव्हा तिला कोणीतरी सांगितलं, "मॅडम पाठ दाखवून राहिल्या, जा पहाय," तर ती घाबरून गेटकडे धावली होती, मी नोकरी सोडून चालले समजून.

लोकांसमोर तुम्ही मला 'मॅडम, तुमी' म्हणायचे आणि दोघंच असलो की 'संध्या, तू'. मी पण दोघंच असलो की भांडायचे आणि लोकांसमोर 'हो काकाजी' म्हणायचे. त्या मशीनवरून किती भांडलो आपण! मी म्हणत होते, हवेच्या दाबावर प्रत्येक पंप तपासणारं मशीन येतं, ते घ्या, हे सदऱ्याचं खूळ सोडा. तुम्ही मशीन घेतलं. ताबडतोब घेतलं, मला वाटलं होतं त्याच्या निम्म्या वेळात. पण सदरा काही खिळ्यावरून उतरला नाही. "आता कशाला?" मी विचारलं. "मशीनले पाठ कुठी हाय व?" तुम्ही म्हणालात. मी दोन दिवस बोलले नाही तुमच्याशी. तिसऱ्या दिवशी चुपचाप पाठ बघायला आले.

आता ती गोष्ट. आधी मी जशी सगळीकडे सांगते तशी.

श्रावणाचे दिवस, फवारणीचा जोर. मशीन यायच्या आधीचं वर्ष. काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून तुम्ही अकोल्याला. इथे वायसर देणाऱ्याचं मशीन बंद पडलं म्हणून आम्ही दुसऱ्याकडून वायसर आणले होते. ते हाताला कडक लागत होते. अकोल्याच्या डीलरची गाडी भरून उभी. मी तुम्हाला फोन केला. "काकाजी, वायसर नवीन आहेत, जरा कडक वाटतात, गाडी उभी आहे, काय करू?" तिकडे मागून नर्स काकूंचं नाव पुकारत होती. तुम्ही म्हणालात, "बरं, मंग पाहून घेजो." फोन बंद.

आपल्या वऱ्हाडात 'पाहून घेजो' म्हणजे दोन गोष्टी. एक, नीट डोळ्यांनी बघ, तपास. दुसरी, कसंही कर, निभावून ने, मला विचारू नको. कुठली ते बोलणाऱ्याच्या तोंडावरून कळतं, आणि फोनवर तोंड दिसत नाही. मी दुसरी समजले. गाडी सोडली. पाचव्या दिवशी दर्यापूरकडून फोन आला. श्रावणभाऊ नावाचे एक मजूर, पंप पाठीवर घेऊन सकाळपासून फवारणी करत होते, शेताच्या धुऱ्यावर, बांधाशी येऊन कोसळले. सबंध पाठ भिजलेली होती. आपल्या पंपानं.

पुढचं खरंच तसंच घडलं, त्यात काही बदलायचं नाही. तुम्ही अकोल्याहून थेट दर्यापूरला आलात, मी अमरावतीहून. श्रावणभाऊ दोन दिवस दवाखान्यात होते, वाचले. दवाखान्याच्या पायरीवर त्यांचे भाऊबंद, डीलरचा माणूस, गावचे लोक सगळे जमलेले. कोणाची चूक, कोणाची चूक, असा गलका. तुम्ही हात जोडून म्हणालात, "चूक माही हाय. ह्या पोरीनं फोन करून मले विचारलं होतं. मी म्हटलं, पाहून घेजो. असा ढिला शब्द मालकानं तोंडातून काढाच कायले? तिनं काय समजाव?"

मग तीन दिवस जीप. भाड्याची जीप, वर भोंगा, आणि भोंग्यात तुम्ही स्वतः. दर्यापूर तालुक्यातलं एक गाव सोडलं नाही. "ऐका हो, निळ्या टाकीचा नवा पंप कोनी घेतला असीन तर वापरू नका, तो गळते. आमचा हाय. आमी परत घेतो." तुमचा आवाज बसला तेव्हा माईक मी घेतला. लोक हसत होते. आपल्याच मालाची अशी दवंडी पिटणारा मालक त्यांनी पाहिला नव्हता. परत आलेल्या पंपांचा ढीग कडुलिंबाखाली लागला. आणि तुम्ही त्यातले एकेक घेऊन, नीळ घालून, सदरा घालून चकरा मारल्या. सगळेच गळत नव्हते. जे गळत होते त्यांचे डाग तुम्ही मोजू दिले नाहीत कोणाला.

त्या दिवसापासून कारखान्यात तो शब्द बंद. 'पाहून घे', 'बघून घेऊ', 'जमवून घ्या', सगळं बंद. केबिनच्या दारावर पाटीच लावली तुम्ही: पूर्ण वाक्य बोला. बाहेरच्यांना गंमत वाटायची. आणि तुमचं बोलणं असं झालं: "संध्या, सदरा घाल. वीस चकरा मार. पाठ वैशालीले दाखव. डाग नसीन तर गाडी सोड, असीन तर सोडू नको आन् मले फोन कर." एवढं मोठं वाक्य, चहा सांगावा तसं. हळूहळू सगळेच तसं बोलायला लागले. हमाल गड्याला सांगताना पूर्ण वाक्य, गडी बायकोला फोनवर सांगताना पूर्ण वाक्य. अकोल्याचा डीलर म्हणायचा, तुमच्या इकडची माणसं बोलतात की अर्ज लिहितात?

ही गोष्ट मी पहिल्यांदा एका कॉलेजात सांगितली. तिथे व्यवस्थापन शिकवतात, त्यांनी मला 'उद्योगातली नीती' या विषयावर बोलवलं होतं. मी घाबरत गेले आणि ही एक गोष्ट सांगून आले. मग दुसरीकडून बोलावणं, मग तिसरीकडून. मालकाचा एक ढिला शब्द खाली जाता जाता काय होतो, आणि मोठा माणूस खालच्याला न ढकलता स्वतः पुढे कसा येतो. मी फार छान सांगायचे, काकाजी. 'पाहून घेजो' म्हणताना तुमचा आवाज काढायचे. लोक हसायचे, मग श्रावणभाऊ कोसळले की गप्प व्हायचे, मग तुम्ही पायरीवर हात जोडले की दोन-चार जण डोळे पुसायचे. मला शाल-नारळ मिळायचा.

एकदा तुम्ही पहिल्या रांगेत बसला होतात. अमरावतीचाच कार्यक्रम होता, मीच आग्रह केला होता. परतताना गाडीत राजापेठ आल्यावर म्हणालात, "बोलली चांगली. पन गोष्टीत एक मानूस कमी हाय."

"कोण?"

"तूच शोध."

मी तडकले. एवढं बोलून आले, लोक उभे राहून टाळ्या वाजवतात आणि ह्यांना माणूस कमी दिसतो. रात्रभर विचार केला नाही, मुद्दाम झोपले. पुढच्या वेळी श्रावणभाऊंची माहिती वाढवली. त्यांचं घर, त्यांची बायको गोदाबाई, पुढे त्यांनी फवारणीचं काम सोडलं ते. तुम्हाला येऊन सांगितलं, सापडला माणूस. तुम्ही म्हणालात, "त्याले घेतलं ते बरं केलं. पन तो नाही." आणि मग तुमचं ते नेहमीचं, "चहा घे."

तो माणूस मला तेव्हाही माहीत होता काकाजी.

आता ती गोष्ट जशी घडली तशी.

तुम्ही 'पाहून घेजो' म्हणालात आणि मला बरोबर समजलं. पहिल्या क्षणी, पहिल्या झटक्यात. तीन वर्षं रोज तुम्हाला चकरा मारताना बघणाऱ्या बाईला दुसरं काय समजणार? तुम्ही कडक वायसरबद्दल 'पाहून घे' म्हणालात म्हणजे सदरा घाल, एवढंच होतं. मी फोन ठेवला आणि खिळ्याकडे गेले. सदरा उतरवला. हातात घेतला. कापड जरा दमट होतं, बगलेत विटलेलं. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली होती, दोघं हमाल फळीवर पाय हलवत बसले होते. वीस चकरा म्हणजे पाऊण तास. मी सदरा परत खिळ्याला अडकवला. बाहेर जाऊन हात हलवला, गाडी गेली. सदरा उतरवलेला आणि परत अडकवलेला कोणी पाहिला नाही.

कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत होते की मला लाज वाटली. बाईमाणूस, पुरुषाचा सदरा, ओली पाठ, आवारात दहा पुरुष. हे कारण सोयीचं आहे, कोणालाही पटेल. पण खरं तेही नाही. खरं फार किरकोळ आहे. तुम्ही आलात की मला सांगायचं होतं, काकाजी, गाडी वेळेवर गेली, तुम्ही नसतानासुद्धा. तुमच्या तोंडून 'वा व पोट्टी' ऐकायचं होतं. एवढ्यासाठी. लोक मला विचारतात, मोठ्या माणसाचा प्रभाव म्हणजे काय. मी भाषणात बरंच काही सांगते. खरं सांगायचं तर तो असाही असतो. तुम्ही कोणाला घाबरवत नव्हता, तरी तुम्हाला खूश करायच्या नादात मी तुमचीच रीत मोडली.

आणि पुढचं तर याहून वाईट. दवाखान्याच्या पायरीवर जायच्या आधी तुम्ही मला बाजूला घेतलंत, आठवतं? चिंचेखाली. विचारलंत, "सदरा कोनं घातला होता?" मी म्हणाले, "तुम्हीच म्हणालात ना, पाहून घेजो. मला वाटलं निभावून ने म्हणताय." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. ओरडला नाहीत. नुसतं पाहिलंत, पाठ बघताना पाहायचे तसं, सावकाश, खालून वर. मग म्हणालात, "हो. तसाबी अर्थ होते." आणि पायरीकडे गेलात आणि हात जोडलेत.

तुम्हाला कळलं होतं, काकाजी. त्याच वेळी.

आता माझा राग. ऐका. तुम्ही माझी चूक घेतलीत ती मला विचारून घेतली नाहीत. तुम्ही मोठे झालात, मी वाचले, सगळ्यांनी तुमचे पाय धरले आणि माझ्या हातात काय राहिलं? एक सुंदर गोष्ट. मी कितीतरी वर्षं ती गोष्ट विकून शाली घेतल्या. मालकानं सगळंच स्वतःच्या अंगावर घेतलं तर खालच्याला स्वतःची चूक उचलायची सवय कशी लागायची? हे मला तुमच्याशी भांडायचं होतं. मी मनात किती वेळा भांडले. तुम्ही काय उत्तर दिलं असतं तेही मला माहीत आहे. "मी घेतली नाही व. सांभाळून ठेवली. तू मागितली असती त देली असती." मागितली नाही मी. गाडीत नाही, चहा घेताना नाही, तुम्ही आजारी पडलात तेव्हाही नाही.

गुडघे गेले तेव्हा तुम्ही सदरा मला दिलात. माझ्या मापाचे तीन शिवून आणले होते, राजकमल चौकातल्या त्याच टेलरकडून. तेव्हापासून चकरा माझ्या. तुम्ही घरी पलंगावर, म्हणून मी वैशालीकडून पाठीचा फोटो काढून घ्यायचे आणि तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवायचे. माझ्या फोनमध्ये माझ्या चेहऱ्याचे नसतील एवढे माझ्या पाठीचे फोटो आहेत. तुम्ही बोटांनी मोठा करून करून बघायचे, काकू सांगत होत्या. मग उत्तर यायचं, एकच शब्द, 'कोरी'. एकदा लिहिलं होतंत, "दोन टिका निळ्या झाल्या की मले भेव वाटते, गळून राहिला का म्हून." तो मेसेज मी ठेवला आहे.

शेवटचा फोटो पाठवला त्या सकाळी टिका निळ्या झाल्याच नाहीत. दुपारी मंजूताईचा फोन आला. मी अंगातला सदरा तसाच ठेवून तुमच्या घरी आले. काकूंनी मला बघून आधी माझी पाठ बघितली. सवयीनं. मग रडल्या.

मंजूताई म्हणाली आहे, तेरवी झाली की काकाजींची खुर्ची तुम्हीच सांभाळा. काकूंचीही तीच इच्छा आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही. हे छापून आल्यावर त्यांनी वाचावं आणि मग ठरवावं. त्यांनी नको म्हटलं तर मी आहे त्याच जागी राहीन, ठेवलं तर. चकरा कोणीही मारू शकतं, सदरा कोणाच्याही मापाचा शिवता येतो.

पण छापायच्या आधी एका माणसाला तोंडानं सांगायचं होतं. म्हणून काल दर्यापूरला गेले, तिथून काळीपिवळी जीपनं श्रावणभाऊंच्या गावी. ते अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते, गोदाबाई शेजारी. तुमचं कळलं होतं त्यांना. दोघं हळहळले. मग मी सगळं सांगितलं, सदरा उतरवला, परत अडकवला, सगळं. सांगताना त्यांच्याकडे बघता आलं नाही, तुरीच्या टोपल्याकडे बघत राहिले.

श्रावणभाऊंनी हातातली शेंग सोलली. मग म्हणाले, "म्हंजे काकाजीची चूक नव्हती."

"नव्हती."

"माहीत होतं मले."

मी वर पाहिलं. "काकाजींनी सांगितलं?"

"ते कायले सांगतीन? दोन दिवस मी दवाखान्यात होतो. काकाजी यायचे, बसायचे, जायचे. तुमी दोनी दिवस दाराबाहेरच उभ्या होत्या, आत नाही आल्या. मी गोदीले म्हटलं, ह्या बाईले येवढं काहून लागलं बाप्पा? मालकाहून जास्त? लय वर्सं लावले बाई तुमी आत याले."

मला रडू आलं. गोदाबाई म्हणाल्या, "अव, रडू नका आता, जे झालं ते झालं." श्रावणभाऊंनी त्यांना हातानं थांबवलं. म्हणाले, "रडू दे. तिचं हाय ते." मग मला विचारलं, "आता पंप कोन घालून पायते?"

"मीच."

"रोज?"

"प्रत्येक मालाला."

"मंग ठीक हाय. चहा घेता का?"

तुम्ही दोघं एका माळेचे मणी आहात. मी चहा घेतला.

आज सकाळी नवा माल होता. काकूंनी काल तुमचे जुने सदरे माझ्याकडे दिले, म्हणाल्या, कोनाले द्यायले नाही येत, डागाचे हायेत. त्यातला एक मी घातला. बाह्या लांब, खांदे खाली. मापाच्या सदऱ्यापेक्षा हाच बरा वाटला. वीस चकरा मारल्या, कडुलिंबापर्यंत. वैशालीनं पाठ बघितली आणि म्हणाली, "जुना डाग आहे मॅडम, धुऊन फिकट झालेला. नवीन नाही. गाडी सोडू?" मी म्हटलं, "हो. आजची पाठ कोरी आहे, वायसर जुनेच आहेत, गाडी सोड आणि अकोल्याला फोन करून निघाली म्हणून सांग." पूर्ण वाक्य. फोटो काढला आणि हात सवयीनं तुमच्या नावावर गेला. पाठवला. एकच टिक आली.

आजच्या मालाचं झालं. त्या दिवशीच्या गाडीचं राहिलं होतं. त्या दिवशी तुमचा सदरा हातात घेऊन मी परत खिळ्याला अडकवला होता, तो आज अंगात घातला आहे. तुमच्याकडे पाठ करून उभी आहे, हलत नाही. डाग आहे, मोठा आहे, माझाच आहे.

पाहून घेजा, काकाजी.

तुमची,
संध्या